चालकाच्या विनंतीवरून

सोमवार, ३ मार्च

ताई,

चार वर्षांनी माझं पत्र पाहून आधी कोण गेलं ते शोधत बसू नकोस. कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. मीही आहे, फक्त माझा रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर निघाला आणि डेपोच्या तपासणी खोलीत अशी धावपळ झाली, जणू मी ब्रेक नसलेली गाडी फाटकाबाहेर काढली.

डॉक्टर नवीन आहे. तीस-बत्तिशीची, आवाज इतका मऊ की आपल्याला काहीतरी गंभीर झालंय असं आपोआप वाटावं. तिने दंडाला पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. तिसऱ्यांदा मशीनच बदललं. मी म्हटलं, बाई, दोष मशीनचा नाही, मी पन्नाशी ओलांडलेली आहे आणि ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावते. तेव्हा तिने पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की गोळी देते, पण नुसत्या गोळीने भागणार नाही. सहा आठवडे देते. चौदा एप्रिलला पुन्हा तपासू. आकडा एकशे चाळीसच्या आत आला तर ड्यूट्यांच्या तक्त्यावर राहा. नाही आला तर हे टेबल तुमच्या तब्येतीला झेपणारं नाही, असं मला लिहून द्यावं लागेल.

आणि मग मला कुठे बसवणार, तेही साहेबांनी लगेच सांगून टाकलं. प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. तिथे सध्या चाळीसेक छत्र्या, एकेरी हातमोजे आणि दातांची एक कवळी आहे. एकोणीस वर्षं शहाऐंशी ड्रायव्हर आणि दोनशे बारा फेऱ्या एका कागदावर जुळवल्या मी. ड्रायव्हर नाही म्हणून गाडी डेपोत उभी राहिली असं एका सकाळीही झालं नाही. तुला मुद्दाम सांगायला नको, त्या शहाऐंशींत तू होतीस. आता मी कवळीचा मालक शोधायचा.

तर औषध काय, वही. चार रकाने: वेळ, आकडा, कारण, उपाय. मशीन घरी न्यायचं. मान आखडली, दात दाबले गेले, कुणाचा गळा धरावासा वाटला, की पाच मिनिटं शांत बसून आकडा घ्यायचा आणि कशामुळे झालं ते लिहायचं. मी म्हटलं, डॉक्टर, रकाने भरण्याचा मला पगार मिळतो, दुसरं काहीतरी द्या. ती हसली. म्हणाली, मग आणखी एक करा. आठवड्यातून एकदा हे सगळं कुणाला तरी सविस्तर लिहून सांगा. मधे न बोलणारं माणूस निवडा.

मी खूप विचार केला. नवरा मधे बोलतो. माझी मदतनीस वाक्य संपायच्या आतच हो म्हणते, ते तर त्याहून वाईट. चार वर्षांत मला उलट एक शब्द न बोललेलं माणूस जगात एकच आहे. म्हणून हे पत्र तुला. माया वगैरे समजू नकोस, उपचार आहे.

तू डेपो सोडून नऊ तासांवर समुद्राकाठी का निघून गेलीस, तो विषय मला काढायचा नाही. तू बदली मागितलीस, तुला मिळाली. तुझं तू जाणे.

उत्तराची गरज नाही. डॉक्टरने लिहून दिलेलं नाही.

धाकटी


मंगळवार, ११ मार्च

ताई,

पहिल्या आठवड्याचा हिशेब पाठवते. मला वाटलं होतं, साहेब पहिले येणार. एकोणीस वर्षं मी घरी जाऊन सांगत आलेय की त्या माणसाने माझं आयुष्य कमी केलं. प्रत्यक्षात वहीत साहेबांचं नाव चौदा वेळा. फोन एकतीस वेळा. माझा हिरमोड झाला. एवढा जपलेला शत्रू, आणि दुसऱ्या नंबरवर.

त्याच्या खाली नवऱ्याचं गुणगुणणं नऊ वेळा, स्वयंपाकघरातला गळका नळ सात वेळा, आणि शेजारीण दोनदा. शेजारणीने फक्त कशी आहेस असं विचारलं होतं, पण ज्या सुरात विचारलं तो सूर तू ऐकायला हवा होतास.

डॉक्टरने पुढचं काम दिलं की प्रत्येक कारणासमोर बघा: हे मला बदलता येतं का, कुणाकडे मागता येतं का, की नुसतं सोसायचं. म्हणजे आपल्याच भाषेत, ड्यूटी रद्द, ड्यूटी बदली, ड्यूटी चालू. मी हे तिला सांगितलं तर तिने ते स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नळ रद्द केला. सहा महिने टपटपत होता, वायसर बदलायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांसाठी मी सहा महिने रक्त आटवलं. फोनही बदली केला. माझ्या मदतनिसीने सांगितलं, दुपारी दोन ते चार मी उचलते, तेवढ्यात तुम्ही तक्ता पुरा करा. तू गेल्यावर ती आली, त्यामुळे ओळख करून देते. पस्तीसची आहे, अक्षर सुंदर, आणि हातात कायम रबर. आपला तक्ता पेन्सिलीचाच असल्यामुळे तिला सारखं काहीतरी पुसायला मिळतं. ड्रायव्हर तिला खोडरबर म्हणतात. तिला माहीत आहे. चिडत नाही. मी चिडले असते.

नवऱ्याचं मात्र फसलं. मी त्याला नीट, डॉक्टरच्या सुरात विचारलं की भांडी घासताना तू गुणगुणतोस ते थांबवता येईल का. तो म्हणाला, “तू कामावरून आलीस की घर फार शांत होतं. म्हणून मी गुणगुणतो.”

मी ते ‘सोसायचं’ या रकान्यात टाकलं. कुणी कुणाला सोसायचं ते लिहिलं नाही.

आता खरी मेख ऐक. सगळ्यांत वरचा आकडा यांपैकी कशानेच येत नाही. तो रोज दुपारी चारला येतो, एकशे ऐंशीच्या आसपास. चारला काय असतं ते तू जाणतेस. दुसऱ्या दिवशीचा तक्ता तयार होतो आणि मी तो नोटीस बोर्डावर लावते. दिवसातला माझा सगळ्यांत अभिमानाचा क्षण. शहाऐंशी नावं, एकही फेरी रिकामी नाही, लोक येऊन माना वर करून वाचतात. त्या वेळी आकडा खाली यायला हवा. तो वर जातो.

मी चहावर संशय घेतलाय. पावणेचारचा, कडक.

धाकटी


शुक्रवार, २१ मार्च

ताई,

चहा निर्दोष सुटला. नऊ दिवस प्याले नाही. डोकं दुखलं, तीन ड्रायव्हरांवर विनाकारण ओरडले, आणि चारचा आकडा जागचा हलला नाही. कालपासून पुन्हा चालू केला.

कारण खोडरबरने शोधलं. तिच्याकडून मला अपेक्षा नव्हती. काल मी तक्ता पुरा करत होते आणि ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, काय आहे. ती म्हणाली, “बाई, तुम्ही शेरा लिहिताना श्वास धरता.”

मी म्हटलं, काहीतरीच. ती म्हणाली, नावं लिहिताना नाही धरत, वेळा लिहिताना नाही, फक्त शेवटच्या रकान्यात. गेले आठ दिवस मी बघतेय.

तक्त्याचा शेवटचा रकाना तुला ठाऊक आहे. नेहमीची ड्यूटी बदलली तर का बदलली ते तिथे लिहायचं. रजा, आजारपण, गाडी दुरुस्तीला. आणि एक शेरा माझा खास: ‘चालकाच्या विनंतीवरून’.

त्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही. पण उपचार आहे, तर बोलते. एखाद्याचा हात थरथरायला लागतो. एखाद्याच्या घरात काहीतरी मोडलेलं असतं आणि तो सकाळी लाल डोळ्यांनी येतो. मिशीवाले मागच्या वर्षी सिग्नलला डुलकी घेताना सापडले. अशा माणसाला अवघड मार्गावर ठेवता येत नाही. पण कारण खरं लिहिलं तर ते बोर्डावर लागतं, शंभर माणसं वाचतात, आणि त्याचं तोंड दाखवायचं बंद होतं. म्हणून मी गुपचूप त्याला सोप्या मार्गावर टाकते आणि शेरा लिहिते, चालकाच्या विनंतीवरून. म्हणजे त्यानेच मागितलं. अब्रू राहिली, प्रवासी सुखरूप, कुणाला काही विचारावं लागलं नाही. एकोणीस वर्षांत एकही अपघात माझ्या तक्त्यामुळे झालेला नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कमी करणार नाही, मग पट्टा काहीही म्हणो.

डॉक्टरला हे सांगितलं तर तिने एकच प्रश्न विचारला. “त्यांना आधी विचारता का?”

मी म्हटलं, विचारलं तर नाही म्हणतील. तिने पट्टा बांधला. एकशे ब्याऐंशी. वैद्यकीय खोलीत, सकाळी दहाला, चहा न घेता.

या पत्रात मी तुझं नाव कुठेही घेतलेलं नाही, हे लक्षात घे.

धाकटी


सोमवार, २४ मार्च

ताई,

पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं ते बीपीने नाही, रागाने. दोन्हींतला फरक मला आता चांगला कळतो.

सकाळी आत शिरले तर मिशीवाले स्वतःची खुर्ची घेऊन माझ्याकडे येत होते. पाठीला उशी लावलेली. म्हणाले, “बसा बाई. चांगलं केलंत. जिवापेक्षा काही मोठं नाही.” मला वाटलं, बीपीची बातमी फुटली. मग टायरवाला भेटला, तोही आवाज उतरवून बोलला. कॅन्टीनमध्ये मला बघून कुणीतरी रेडिओ बारीक केला. रेडिओ, ताई. मी आत आले म्हणून या डेपोत आजवर आवाज वाढलेत.

बोर्डावर साहेबांच्या सहीचा कागद होता. आजपासून डोंगराच्या सर्व फेऱ्या आणि सुट्ट्यांच्या ड्यूट्या मदतनीस लावतील. तक्ताप्रमुखांकडे फक्त शहरातले मार्ग राहतील. शेवटी शेरा: तक्ताप्रमुखांच्या विनंतीवरून.

मी विनंती केली नव्हती. मला कुणी विचारलंही नव्हतं.

मी ती ओळ किती वेळ वाचली सांगता येत नाही. मागे माणसं येत होती, वाचत होती, मला वाट करून देत होती. म्हणजे आजपासून सगळ्यांच्या लेखी मी ती बाई, जिला डोंगर झेपेना आणि जिने स्वतःहून सोडला. कुणाला जाऊन सांगणार की मी मागितलं नव्हतं? जितक्या मोठ्याने सांगावं, तितकी माणसं समजुतीने मान हलवतात. मी टायरवाल्याला सांगून पाहिलं. त्याने मान हलवली.

खोडरबरला पकडलं. तिने लपवलं नाही. शुक्रवारी तीच साहेबांकडे गेली होती. मला म्हणाली, “चौदा तारखेला आकडा खाली नाही आला तर ते तुम्हाला खिडकीवर बसवतील. अर्धं काम काढलं तर येईल. मग मीच साहेबांना म्हटलं, असं करा.”

“मला विचारायचं नाही?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

ती रबर बोटांत फिरवत राहिली आणि मग अगदी साधेपणाने, वर बघून म्हणाली, “शेरा तुमच्याकडूनच शिकले, बाई. तुम्हीच म्हणता ना, अब्रू राहते.”

दहा मिनिटांनी आकडा घेतला. एकशे नव्वद. कारणाच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. मग तिच्याच टेबलावरचं रबर घेऊन पुसलं आणि माझं लिहिलं.

धाकटी


शनिवार, २९ मार्च

ताई,

आता तो विषय काढते, जो काढायचा नव्हता.

चार वर्षांपूर्वी कंडक्टरने मला एक चिठ्ठी आणून दिली होती. डोंगराची सकाळची गाडी, उतरताना सातव्या वळणावर ब्रेक उशिरा लागला, गाडी दगडी कठड्यापासून दोन हातांवर थांबली, चाळीस प्रवासी. चालकाच्या जागी तुझं नाव. भाऊजींना जाऊन तेव्हा नऊ आठवडे झाले होते. तू तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाली होतीस, आणि मी सगळ्यांना अभिमानाने सांगत फिरत होते की बघा, आमची ताई.

ती चिठ्ठी मी कुणाला दाखवली नाही. ड्रॉवरमध्ये ठेवली. तुझ्याकडे यावं, दार लावून बसावं, विचारावं, हे एवढं सोपं काम मला जमलं नाही. मी तुझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला सायकल तू शिकवलीस. तुला मी काय विचारणार होते, तुला आता दिसतं का, झोप लागते का? मला तक्ता येतो, म्हणून मी तक्ता केला. दुसऱ्या दिवसापासून तुला हॉस्पिटलच्या गोल फेरीवर टाकलं, जिला सगळा डेपो पाळणा म्हणतो, कारण तिथे निवृत्तीला टेकलेली माणसं बसवतात. शेऱ्यात लिहिलं, चालकाच्या विनंतीवरून. आणि मी घरी जाऊन नीट जेवले. ताईला वाचवलं, असं मला वाटत होतं. प्रवाशांना वाचवलंच होतं, ते मी आजही म्हणेन.

चौदा वर्षं डोंगराची गाडी चालवणारी पहिली बाई तू. शहाऐंशी जणांत ज्या मार्गाला नाही म्हणणारे वीस सापडायचे, तो तू मागून घेतला होतास. आणि बोर्डावर लागलं की हिने स्वतःच सोडला. तू बोर्डासमोर उभी होतीस, मी काचेआडून बघत होते. मागून कुणीतरी विचारलं, पाळण्यात झोप लागेल ना नीट, आणि चारपाच जण हसले. तू वळली नाहीस. सोमवारी बदलीचा अर्ज दिलास. आई गेली तेव्हा भेटलो, तेव्हाही तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि मी लोकांना सांगत राहिले की ताईचा स्वभावच मानी.

त्या दिवशी काचेमागे मी श्वास धरला होता. तेव्हापासून त्या रकान्यात धरतेय.

म्हणून काल मी हे केलं. जुनी तक्ता-नोंदवही सात वर्षं ठेवायचा नियम आहे. ती काढली. चुकीच्या शेऱ्यावर खाडाखोड करायची नाही, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहायची, असाही नियम आहे. मी लिहिलं: वरील शेरा खोटा आहे. चालकाने कोणतीही विनंती केली नव्हती. बदल तक्ताप्रमुखाने चालकाला न विचारता, स्वतःच्या मर्जीने केला. सही, पूर्ण नाव. मग त्या पानाची प्रत बोर्डावर लावली, चार वाजता, सगळे असतात तेव्हा.

मग माझा दुसरा कागद लावला. तक्ताप्रमुखांनीही विनंती केलेली नाही, सबब डोंगराच्या फेऱ्या परत तक्ताप्रमुखांकडे घेण्यात येत आहेत.

साहेब धावत आले. म्हणाले, डेपोची लाज काढलीत. मी म्हटलं, माझी काढली, डेपोची शाबूत आहे, बघा. ड्रायव्हर बराच वेळ वाचत होते. कुणी हसलं नाही. मिशीवाले पुढे आले, म्हणाले, “मागच्या वर्षीचा माझाही असाच का?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “विचारलं असतं तर मी मागितलाच असता. बायको आजारी होती.” आणि उशीवाली खुर्ची उचलून परत घेऊन गेले.

आकडा मी लगेच घेतला. मला वाटलं होतं, असं काही केलं की माणूस हलका होतो, आकडा सरसर उतरतो. एकशे चौऱ्याहत्तर. डॉक्टर म्हणाली, आजच लावलेलं झाड आजच मोजू नका. ही बाई हळूहळू माझ्यासारखं बोलायला लागली आहे.

माफी मागायची तर कशी मागतात ते मला नीट येत नाही. नोंदवहीच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. तुझ्या डेपोच्या बोर्डावर लावलीस तरी चालेल.

धाकटी


मंगळवार, ८ एप्रिल

ताई,

तुझं पाकीट आलं. चार वर्षांनी पत्र येणार म्हणून मी दार लावून बसले, चष्मा पुसला, आणि आतून निघाला काय, तर छापील अर्ज. दुसऱ्या डेपोतल्या चालकाला एका दिवसाची ड्यूटी मिळावी म्हणून असतो तो. मार्ग: डोंगर, सकाळची पहिली. दिनांक: वीस एप्रिल. मार्गाची माहिती: चौदा वर्षे. डोळे, कान, रक्तदाब, सगळे दाखले जोडलेले. तुझा वरचा आकडा एकशे अठरा. हे मुद्दाम पाठवलंस, मला कळतं.

आणि पाठीमागे, पेन्सिलीने, तुझ्या त्या उभ्या अक्षरात तीन ओळी. त्या मला पाठ झाल्यात, पण तुला परत लिहून दाखवते, म्हणजे पोचल्याची खात्री होईल.

“त्या दिवशी ब्रेक उशिरा लागला ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तुझ्याकडे येऊन सांगणार होते, मला महिनाभर डोंगर नको. बोर्ड आधी दिसला.”

म्हणजे तू खरंच विनंती करणार होतीस. एक रात्र थांबले असते, तर माझा शेरा खरा ठरला असता. इतकी वर्षं मी तुझी अब्रू राखली म्हणून मिरवत होते आणि तू ती स्वतःच्या हाताने, तुझ्या पद्धतीने राखायला निघाली होतीस. मी तेवढीच संधी तुझ्याकडून काढून घेतली.

चारचा आकडा गेल्या आठवड्यापासून उतरतोय. एकशे साठ, बावन्न, अठ्ठेचाळीस. आता ज्याची ड्यूटी बदलायची त्याला आधी बोलावते. वेळ जातो. काही जण नाही म्हणतात, काही भांडतात. एकाने टेबलावर मूठ आपटली, आणि मग खाली बसून अर्धा तास बोलला. चाळिशीचा माणूस, घरी कुणाला न सांगितलेलं सगळं त्याने मला सांगितलं. शेवटी स्वतःच म्हणाला, मला आठ दिवस सोपी द्या. मी शेरा लिहिला. श्वास चालू होता. खोडरबरने खूण करून दाखवलं.

तुझा अर्ज साहेबांकडे दिला आहे.

धाकटी


सोमवार, १४ एप्रिल

ताई,

एकशे अडतीस.

एकदा नाही, तीनदा घेतलं, कारण या वेळी मशीनवर माझा विश्वास बसेना. डॉक्टर म्हणाली, गोळी चालू ठेवा, वहीही चालू ठेवा, आणि तक्त्यावर बसा. मी तिला म्हटलं, तुमच्या चार रकान्यांत एक चूक आहे. कारणाच्या रकान्यात माणसं सगळ्या जगाला लिहितात, स्वतःला लिहायला जागा फार थोडी ठेवली आहे. ती म्हणाली, रकाना तेवढाच असतो, लोक भरत नाहीत.

मग मी जन्मात पहिल्यांदा एक खरी विनंती केली. साहेबांना लिहून दिलं की दुपारचे फोन आणि सुट्ट्यांच्या ड्यूट्या मदतनिसीकडे द्याव्यात. एवढं मला एकटीला झेपत नाही. हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, हे खरं आहे ना या वेळी. मी म्हटलं, खरं आहे. डोंगर मात्र माझ्याकडे. कागद बोर्डावर खोडरबरने लावला आणि आवाज न करता रडली. मी तिला म्हटलं, अक्षर ओलं करू नकोस.

खिडकीवरच्या कवळीला मालक मिळाला, ही आजची दुसरी बातमी.

तुझ्या अर्जावर साहेबांची सही झाली आहे. वीस तारखेचा तक्ता मी शनिवारी चारला लावेन. पण लावण्याआधी विचारते, कारण आता तशी पद्धत आहे: पहाटेची पहिली फेरी तुला जमेल ना, की सातची देऊ? जे असेल ते कळव. तुझ्या शब्दावाचून मी त्या रांगेत पेन्सिल टेकवणार नाही.

धाकटी


रविवार, २० एप्रिल

ताई,

तू सहा फुटांवर बसली आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. पण तुझ्या डोक्यावर पाटी आहे, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये, आणि मी नियम पाळणारी बाई आहे. अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे.

डेपोतून निघताना तू माझ्याशी दोनच वाक्यं बोललीस. एक, जाड झालीस. दुसरं, माझ्या मागच्या बाकावर बस, दारातून वारा लागतो. चार वर्षांच्या मानाने मला हे भरपूर आहे.

पहिलीच दे, असा तुझा निरोप आल्यावर काल चारला तक्ता लावला तेव्हा बोर्डासमोर अशी गर्दी होती की मला हातभर जागा मागावी लागली. पहिली रांग, डोंगर, पहिली फेरी, तुझं नाव. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, चालकाच्या विनंतीवरून. शाईने लिहिलं. खोडरबर म्हणाली, बाई, हे पुसता येणार नाही. मी म्हटलं, म्हणूनच. मिशीवाल्यांनी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली, जणू ज्यांना वाचता येत नाही अशांसाठी, आणि पाळण्याची चेष्टा करणाऱ्यांपैकी दोघं आज सकाळी फाटक उघडायला उभे होते. तू बघितलंस. हात वर केलास.

आता चढ संपला. आपण वरच्या वस्तीत पोचून, माणसं बदलून, परत उतरायला लागलो आहोत. पाचवं वळण गेलं. सहावं. माझ्या शेजारच्या आजींना वाटतंय की मी आजारी आहे, कारण मी दंडाला पट्टा बांधून बसले आहे. डॉक्टर म्हणेल, चालत्या गाडीतला आकडा धरायचा नसतो. तरी घेते.

सातव्याच्या बऱ्याच आधी तू गियर खाली घेतलास. ब्रेक असा लागला की आजींच्या मांडीवरची पिशवीसुद्धा सरकली नाही. दगडी कठडा खिडकीबाहेरून हळू मागे गेला, चांगली चार हात जागा सोडून, आणि तू आरशात एकदाच वर बघितलंस. रस्त्याकडे नाही. माझ्याकडे.

वहीतली नोंद अशी, तुझ्या माहितीसाठी.

वेळ: सकाळी सात वाजून दहा मिनिटं. आकडा: एकशे चव्वेचाळीस, थोडा वर. कारण: माझी बहीण गाडी चालवते आहे. उपाय: करायचा नाही.

धाकटी